इसाजी तेल्याची लेक आणि नावांची परी

समुद्राच्या कुशीत, हिरव्यागार माडांच्या सावलीत एक इटुकलं गाव होतं. त्या गावात इसाजी तेल्याचं घर होतं आणि त्या घरात राहत होती त्याची चिमुरडी लेक सिपोरा. इसाजीचा घाणा शनिवारी बंद असे, कारण शनिवार म्हणजे त्यांचा शाब्बाथ, विसाव्याचा दिवस. म्हणून सगळं गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पण हल्ली घाणा रोजच बंद असायचा. बिचारा म्हातारा बैल देवाघरी गेला होता आणि दुसरा कुठून आणायचा? तेल्याच्या घरात दिव्यापुरतंसुद्धा तेल उरलं नव्हतं.

त्यातच सिपोराला एक पिटुकली बहीण झाली. गुलाबी गुलाबी तळवे, मिटलेले डोळे, ओठ जणू जास्वंदीची कळी! पण बाळ रडत नव्हतं. दूध पीत नव्हतं. आईच्या मांडीवर नुसतं निपचित पडून असायचं.

"आज शुक्रवार. दिवेलागणीला शाब्बाथ सुरू होतो, त्याच्या आत बाळाचं नाव ठेवायचं," मलकाआत्याने फर्मान काढलं. मलका म्हणजे राणी, आणि आत्या नावाला जागून घरभर हुकूम सोडत असे. "कानात छानसं नाव पडलं की पोर ओ देईल."

"नको ताई," इसाजी खालच्या मानेने म्हणाला. "नाव ठेवलं की माया जडते. मग... नकोच ते."

आईने पदर डोळ्यांना लावला. सिपोराला सगळं उमगलं. बाबांना वाटतंय की बाळ राहणार नाही! पूर्वी खळखळून हसणारे तिचे बाबा किती तरी दिवसांत हसलेच नव्हते.

आत्याने तिला दिव्याचं तेल आणायला टेकडीपलीकडच्या गावी पिटाळलं. तिथल्या मावशीने तिला छोट्या वाटीत शाब्बाथच्या दिव्यापुरतं खोबरेल दिलं. ती वाटी ओंजळीत धरून, एक थेंबही सांडू न देता, सिपोरा परत निघाली.

टेकडीच्या पायथ्याशी एक जुनी बाग होती. तिथे मेंदीचं दाट कुंपण होतं, सोनचाफा होता, आणि फणसाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फणस लगडले होते. सिपोरा सावलीत घटकाभर टेकली, तोच कुणीतरी मुसमुसल्याचा आवाज आला.

तिने वर पाहिलं. फणसाच्या मोडक्या देठाला एक इवलीशी परी चिकटली होती! करंगळीएवढी. मोरपंखी झगा, डोक्यावर दवबिंदूंचा चमचमता मुकुट आणि पाठीला नाजूक रुपेरी पंख. त्यातला एक पंख चिकात पार लडबडला होता.

"हलू नकोस हं, पंख फाटेल," सिपोरा हळूच म्हणाली. "फणसाचा चीक पाण्याने नाही निघत. त्याला तेलच लागतं."

बोलता बोलता तिची नजर वाटीकडे गेली. तेल होतं ते एवढंच, आणि तेही दिव्याचं. परी पुन्हा मुसमुसली. सिपोराने बोट तेलात बुडवलं. थेंब थेंब लावत, हळुवार चोळत तिने तो पंख सोडवला. पंख लख्ख झाला, तेव्हा वाटी कोरडी झाली होती.

परी भुर्रकन उडून तिच्या तळहातावर बसली. "तुझं नाव काय गं, सोनुली?"

"सिपोरा."

"अगं बाई, पाखरू! आमच्या हिब्रू भाषेत सिपोरा म्हणजे पाखरू. मी नावांची परी. फार फार पूर्वी तुमच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं. सामानसुमान बुडालं, पण नावं वाचली, कारण ती त्यांच्या ओठांवर होती. तेव्हापासून त्या नावांचे अर्थ मी या मेंदीच्या कुंपणात जपून ठेवलेत. तुझे बाबा कोण?"

"इसाजी."

"म्हणजे मूळचे इसहाक! त्याचा अर्थ, तो हसेल."

"पण बाबा तर हसतच नाहीत," सिपोरा कळवळून म्हणाली. मग तिने बाळाचं सगळं सांगितलं.

परीने मेंदीच्या झुबक्यातून तीन नाजूक फुलं खुडली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. "ही तीन नावं. यायल म्हणजे रानशेळी. तमार म्हणजे खजुराचं झाड. आणि ओरा म्हणजे उजेड. यातलं कुठलंही एक बाळाच्या कानात सांग, बाळ जीव धरेल. वाटेत गरज पडली तर नाव मोठ्याने उच्चार, त्याचा अर्थ जिवंत होऊन समोर येईल. पण नीट ऐक. नाव एकदाच उघडतं. उघडलं की फूल गळून जातं आणि ते नाव मग बाळाला देता येत नाही. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि हे सगळं शाब्बाथचा दिवा लागायच्या आत."

"आणि माझं नाव?"

"तेही नावच आहे, राणी. पण ते दिलंस तर तू बिननावाची होशील. कुणी आपणहून, अगदी आतून तुला नव्या नावाने हाक मारली, तरच तुला नाव मिळेल. मागून मिळत नाही ते." एवढं बोलून परी मेंदीच्या पानांत दिसेनाशी झाली.

सिपोरा आनंदाने टुणटुण उड्या मारत निघाली. ओरा! बाळाचं नाव ओराच ठेवायचं, तिने मनाशी ठरवून टाकलं.

टेकडीच्या कड्याखाली म्हादू धनगर डोक्याला हात लावून बसला होता. वर एका अरुंद कपारीत त्याचं गोंडस पांढरं करडू अडकलं होतं आणि केविलवाणं ओरडत होतं.

"त्याची आई मेली गं पोरी. हातावर वाढवलंय त्याला," म्हादू म्हणाला. "आता खाली पडंल बघ."

सिपोराने पटकन हाक दिली, "यायल!" कड्यावर एक देखणी, बाकदार शिंगांची रानशेळी उभी राहिली. ती टपाटप खाली उतरली, तिने करडाला नाकाने गोंजारलं आणि एकेक पायरी दाखवत अलगद खाली आणलं. म्हादूने करडाला कवटाळलं.

"कुणाची गं तू?"

"इसाजी तेल्याची!" म्हणत सिपोरा पळाली. एक फूल गळून गेलं होतं. हरकत नाही, दोन आहेत की!

पुढे मिठागर लागलं. मिठाचे ढीग उन्हात हिऱ्यांसारखे चमचमत होते, पण सावली नावाला नव्हती. तिथे चांगुणा नावाची आगरीण भोवळ येऊन पडली होती. तिचा तान्हुला उन्हात रडून रडून लाल झाला होता. सिपोरा ओंजळीतल्या फुलांकडे बघत राहिली. पण कितीसा वेळ? तान्हुल्याने हुंदका दिला आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेला, "तमार!"

सळसळ सळसळ करत खजुराचं उंच झाड वर आलं. त्याची गार हिरवी सावली दोघांवर पडली आणि मधाच्या रंगाचे खजूर टपटप पडले. चांगुणाने डोळे उघडले, चार खजूर खाल्ले आणि बाळाला उराशी घेतलं.

"कुनाची गो तू, माजे बाय?"

"इसाजी तेल्याची!"

आता ओंजळीत एकच फूल होतं, ओराचं. सिपोराने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि खाली मान घालून चालू लागली. आता कुणाकडे बघायचंच नाही, असं तिने स्वतःला बजावलं. बघितलं की राहवत नाही, हा तिचा जुना दोष होता ना!

पण ती किनाऱ्यावर आली, आणि कानांना कुठे झाकण असतं? आभाळ अवचित काळ्या ढगांनी भरून आलं होतं. हिरू कोळीण पाण्यात गुडघाभर उभी राहून टाहो फोडत होती. तिच्या नवऱ्याची होडी खाडीच्या तोंडाशी होती आणि अंधारात त्याला काळे अणकुचीदार खडक दिसत नव्हते.

"धनी, तिकडं नको! खडक हाय गो बाय, खडक!"

सिपोरा थांबली. तिला बाळाचे गुलाबी तळवे दिसले. तिला होडीतला माणूस दिसला. डोळे भरून आले. "बाळा, मला माफ कर हं," ती पुटपुटली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "ओरा!"

ढग फाटले. सोनेरी केशरी उजेडाचा झोत पाण्यावर उतरला. खडक न् खडक लख्ख दिसला. होडीने वळण घेतलं आणि सुखरूप वाळूला लागली. हिरू धावत आली, तिने सिपोराच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "कोनाची गो तू?"

"इसाजी तेल्याची," या वेळी सिपोरा रडत रडतच म्हणाली.

घरी पोहोचली तेव्हा सूर्य माडांच्या शेंड्यांना टेकला होता. पाळण्याला आईच्या जुन्या लुगड्याची झालर लावलेली होती. आत्याने कोरडी वाटी बघितली आणि कपाळावर हात मारला. "तेल कुठाय गं? आणि बारशाला देवापुढे ठेवायच्या मलिद्याला घरात नुसते मूठभर पोहे आहेत. ना खोबरं, ना खजूर. कसलं बारसं आणि कसलं काय!"

सिपोरा पाळण्याशी गेली. बाळाचे ओठ पार पांढरे पडले होते. तिला भीती वाटली. नाव नसलं की कसं वाटत असेल? आई मला हाक कशी मारेल? मग तिने बाळाच्या कानाशी ओठ नेले आणि हलकेच म्हणाली, "हे घे. माझ्याकडे एवढंच उरलंय. सिपोरा."

मग बाळाच्या घशातून आवाज आला. चिव! पुन्हा आला. चिव चिव! आणि बाळाने असं काही भोकाड पसरलं, की परसातल्या कोंबड्या फडफडत उठल्या.

"रडली! माझी सिपोरा रडली!" आईने बाळाला छातीशी घेतलं आणि बाळ चुटूचुटू दूध पिऊ लागलं. मग आई थोरलीकडे वळली. "अगं, बघितलंस का, अगं..." पुढे तिला नावच आठवेना. तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने इसाजीकडे पाहिलं. कुणालाच आठवेना.

"असू दे आई," मुलगी म्हणाली. "मी दिलं ते बाळाला." आणि कोपऱ्यात भिंतीशी जाऊन बसली. आनंद झाला होता तिला, खरंच झाला होता, पण हुंदका काही आवरत नव्हता.

इतक्यात दारातून आवाज आला. "इसाजी तेल्याचं घर हेच ना?" म्हादू धनगर दुधाची चरवी घेऊन उभा होता. त्याच्या मागे ओच्यात खजूर घेतलेली चांगुणा. तिच्या मागे हिरू आणि तिचा नवरा, हातात शेंडीचा नारळ. एकमेकांचं ऐकत, मध्येच एकमेकांना तोडत त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

आत्याने डोळे पुसले आणि लगेच पदर खोचला. "बसा सगळे. दिवेलागणीच्या आत मलिदा होतो की नाही बघा!" तिने भराभर नारळ खवला, पोह्यांत खजूर घातले आणि ताट सजवून पाळण्यापुढे ठेवलं. तेवढ्यात म्हादूच्या काखेतून करडू निसटलं. ते ताटाशी गेलं, मलिद्यात तोंड खुपसलं, आणि खोबऱ्याने माखलेली दाढी घेऊन आत्याच्या पाटावर राणीसारखं ऐटीत जाऊन बसलं!

इसाजीच्या पोटातून काहीतरी उसळून आलं. त्याने ओठ दाबले, पण ते थांबेना. आणि तो हसला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खळखळून हसला. हसता हसता त्याने कोपऱ्यातल्या लेकीकडे पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि त्याच्या तोंडून आपसूक हाक निघाली, "अबीगाईल! ये गं, ये माझ्या अबीगाईल!"

ती धावतच त्याच्या मिठीत शिरली.

कोनाड्यातल्या कोरड्या दिव्यापाशी रुपेरी पंख लुकलुकले. "अबीगाईल म्हणजे बापाचा आनंद," परीचा किणकिणता आवाज आला. "आज एका घरात तीन नावं खरी झाली. माझ्या पंखाला लावलेलं तेल परत करते हं, सोनुली." दिवा तेलाने काठोकाठ भरला. परी वातीवर बसली, एकदा गिरकी घेतली, आणि मोरपंखी, सोनेरी, शुभ्र अशा उजेडात विरघळून गेली. शाब्बाथचा दिवा लागला होता.

बैल मिळून घाणा पुन्हा फिरू लागेपर्यंत त्या दिव्यातलं तेल सरलं नाही. धाकटी सिपोरा दिवसभर चिवचिवत वाढली. आणि इसाजीला एक नवीच खोड लागली.

"अबीगाईल!" तो घाण्यावरून हाक मारायचा.

ती हातातलं टाकून धावत यायची. "काय बाबा?"

"काही नाही गं. उगाच हाक मारली."