गेनूने सांभाळलेली चित्रं

चिंचटाकळी गावात एक भोळा गेनू होता. इतका भोळा, की शब्द जसा कानात पडेल तसाच हातातून बाहेर पडायचा.

त्याच गावात ऋजुता होती. तिने कॉम्प्युटरसाठी छोटी छोटी चित्रं काढली होती. दात, डोळा, बाण, बाई, बुवा, कुलूप. कोणीही घ्यावीत, फुकट वापरावीत. जगभरचे लोक वापरत होते. साठा मात्र सगळ्यांचा एकच. इथे एक चित्र बदललं, की सगळीकडे बदलायचं.

मंगळवारी तालुक्याचा नवा दवाखाना उघडणार होता. प्रत्येक दारावर एक पडदा, पडद्यावर त्या साठ्यातलं चित्र. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही कळावं, दात इथे आणि डोळा तिथे. ऋजुताने वर्षभर त्यात जीव ओतला होता. पण ऐन वेळी तिची परीक्षा आली.

"मी येईपर्यंत साठ्यावर फक्त लक्ष ठेव," ती गेनूला म्हणाली.

"मी आहे ना!" वसंतनाना झोपाळ्यावरून म्हणाले. नाना दवाखान्याच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नसे, पण सल्ला कधी बंद नसे.

गेनूने लक्ष ठेवलं. पापणी न लववता ठेवलं. डोळ्यांतून धारा लागल्या.

"अरे ठोंब्या," नाना म्हणाले, "लक्ष ठेवायचं म्हणजे बघत बसायचं नाही. साफसफाई करावी. एकसारखी दोन दिसली, की एक काढावी."

"बरं नाना."

गेनूला बाई आणि बुवा दिसले. दोघांना डोकं एक, हात दोन, पाय दोन. फरक काय तो घेराचा. त्याने बाई काढली.

दवाखान्यात रंगीत तालीम चालू होती. नर्सबाईंचा फोन आला, "अहो, बायकांचं स्वच्छतागृह कुठे गेलं? आम्ही सगळ्या जिन्यात उभ्या आहोत!"

ऋजुताने नानांच्या घरी साठ्याची एक जादा प्रत ठेवली होती. गेनूने तिच्यातून बाई परत आणली.

"अरे ठोंब्या," नाना म्हणाले, "काढण्याआधी लोकांना विचारावं, हे हवंय का म्हणून."

"बरं नाना."

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा टवाळाने दाताच्या जागी गाढव पाठवलं. ते थेट साठ्यात जाऊन बसलं. गेनूने काढलं नाही. त्याने आधी साठ्याच्या पानावर लिहून जगाला विचारलं, "गाढव हवंय का?"

जग म्हणालं, "हो! हवंय! राहू दे! कान आणखी लांब करा!"

मग दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. "माझ्या दारावर माझं चित्र कोणी लावलं?"

"अरे ठोंब्या," नाना म्हणाले, "नको ते काढायला घाबरायचं कशाला? प्रत आहे ना घरात!"

"बरं नाना."

गेनू विचार करत बसला. नको ते म्हणजे कोणतं? गाढव तर सगळ्यांना हवं होतं. मग त्याने एकेका चित्राबद्दल जगाला विचारलं. "दात हवाय का? डोळा? बाण?"

जग गप्प. चित्र जागेवर असलं, की जग गप्पच असतं.

मंगळवारी सकाळी ऋजुता एसटीतून उतरली ती धावतच दवाखान्यात आली. बाहेर रांग लागली होती. आत प्रत्येक दारावर गाढव होतं. दात तिथे गाढव, डोळा तिथे गाढव. बाळंतिणींच्या खोलीवरसुद्धा.

"गेनू! बाकीची चित्रं कुठायत?"

"काढली, ताई. कोणालाच नको होती. रिकामी दारं बरी दिसेनात, म्हणून गाढव लावलं."

"प्रतीतून परत आण! आत्ताच्या आत्ता!"

"प्रत आधीच काढली, ताई."

"का?"

"ती आणि साठा, दोन्ही एकसारखी दिसत होती."

"अरे, काढण्याआधी कोणाला विचारायचं तरी!"

"विचारलं की. नानांना. म्हटलं, 'नाना, ही प्रत हवीय का?' पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, 'मला काय करायचीय!'"

तेवढ्यात हार घातलेले नाना दारात आले. फीत कापली. आत नजर फिरवली. सगळ्या दारांवर तेच चित्र बघून त्यांचा चेहरा उजळला.

"वा!" ते ऋजुताला म्हणाले. "सगळीकडे अध्यक्षांचाच फोटो! इतकं कशाला गं, पोरी?"