कलमाखालचं मूळ

फार पूर्वी कोकणातल्या एका कातळावर आंब्याचं कलम वाढत होतं. वर फांदी हापूसची आणि खाली मूळ रायवळ आंब्याचं. कातळाच्या भेगांत शिरून पाणी शोधायचं आणि शेंड्यापर्यंत पोचवायचं, याचा त्या मुळाला भारी अभिमान!

एकदा कलमाच्या जोडाखाली रायवळचाच एक फुटवा आला. तो म्हणाला, "आजोबा, ती वरची परकी. मी तुमच्या रक्ताचा. पाणी मला द्या."

मुळाला ते पटलं. त्यानं पाणी फुटव्याकडे वळवलं. हापूसची पानं मलूल झाली, पण थोड्याच दिवसांत मुळालाही भुकेनं ग्लानी आली. पानांत शिजून खाली उतरणारं गोड अन्नच थांबलं होतं, आणि फुटव्याच्या इवल्या पानांत त्याचं स्वतःचंच पोट भरेना.

"पोरी," मुळानं वर हाक दिली, "मीच तुला पोसतो असं समजत होतो गं."

"मग पाणी धाडा ना, आजोबा. चूल अजून विझली नाही."

मुळानं पाणी पुन्हा वर वळवलं. वैशाखात फांद्या फळांनी वाकल्या. येणारेजाणारे म्हणू लागले, "काय हापूस आहे!"

फुटवा फणकारला, "बघा, तुमचं नावसुद्धा नाही."

"नसू दे," म्हणत मूळ कातळात आणखी वीतभर खाली घुसलं. "एवढ्या फळांनी लगडून वाऱ्यात ताठ उभी आहे ना? ती माझ्यावर उभी आहे."