सत्त्याण्णव टक्के

"...मग ते सत्त्याण्णव खोटं होतं का, बुवा?"

सोमनाथबुवा तांदूळ निवडत होते. दृष्टी अधू झाल्यापासून ते खडे बोटांनीच शोधत. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा त्यांचा शिष्य हेरंब. त्याचा अपमान झाला होता, आणि तो अजून पचला नव्हता. आदल्या दिवशी डोंगराखालच्या गावात त्याचे पहिले प्रवचन होते. पोथी त्याने लॅपटॉपवर उतरवून घेतली होती. निघताना कोपऱ्यात बॅटरी सत्त्याण्णव टक्के दिसली, म्हणून चार्जिंगची वायर मठातच ठेवली.

तिसऱ्या पानावर स्क्रीन काळी झाली.

साठ माणसे समोर... आणि सात वर्षे मठात राहिलेल्या या विद्वानाला पुढची ओवी आठवेना. शेवटी मागे बसलेल्या एका म्हातारीने ती म्हटली. वर त्याला पाणीही दिले.

दोष त्याने लिनक्सला दिला. लॅपटॉप ज्यावर चालतो ती प्रणाली म्हणजे लिनक्स. ती त्याने स्वतः बसवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिचे पुराण ऐकवले होते. आता चुकीचा आकडा दुरुस्त करणारा छोटासा प्रोग्रॅम लिहितो, म्हणाला. मग पौर्णिमेला मला प्रवचनाच्या आसनावर बसू द्या, तुमचा आवाज आता पुरत नाही, हेही म्हणाला. हे दुसरे वाक्य त्याने जरा हळू म्हटले.

"आकडा लिनक्स ठरवतं?" बुवांनी विचारले.

"नाही. बॅटरीत एक चिप असते, ती मोजते. लिनक्स फक्त ती सांगेल ते दाखवतं."

"म्हणजे निरोप्या."

"हो..."

"आणि शिव्या निरोप्याला."

बुवांनी एक खडा बाजूला टाकला.

"ती चिप का चुकली?"

इथे हेरंबला हुरूप आला. शिकवायला मिळाले की तो अपमान विसरत असे. मठात आल्यापासून लॅपटॉपला वायर लावलेलीच आहे, त्याने सांगितले. बॅटरी कधी रिकामी झालीच नाही. त्यामुळे तिच्यात आता किती मावते हे चिपला कळलेच नाही. नवी असतानाचा अंदाज धरून ती बसली. बॅटरी आतून थकत गेली, आकडा मात्र भरलेलाच.

"उपाय?"

"वायर काढायची. आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायची. मग सलग पूर्ण भरायची. मधेच वायर लावायची नाही, नाहीतर मोजणी पुन्हा चुकते."

"बरं..."

बुवा उठले. भिंत चाचपत खुंटीपाशी गेले आणि झोळी काढली.

या मठाची रीत जुनी होती. आसनावर बसण्याआधी शिष्याने चार महिने एकट्याने हिंडायचे. भिक्षा मागून जेवायचे, एका गावात दुसरी रात्र काढायची नाही. आपण कोणाचे शिष्य, हे कोणाला सांगायचे नाही. हेरंबने ती रीत सात वर्षे टाळली होती. कधी पाऊस आडवा आला, कधी पोथ्यांचे काम. बुवांना दिसेनासे झाले, तेव्हापासून तर कारण शोधावेही लागले नाही.

बुवांनी झोळी त्याच्या खांद्याला अडकवली.

"आत्ता?" हेरंबने विचारले.

"ऊन आहे तोवर ओढा ओलांड."

मठात दोघेच राहत. पाणी हेरंब आणी, पोथी हेरंब वाची. संध्याकाळी दोघे पायरीवर बसत, बहुतेक वेळा न बोलता. हेरंबने त्या पायरीकडे पाहिले. आसन, पौर्णिमा, साठ माणसे, सगळे एकदम लांब गेले.

"बुवा, तुम्हाला पाणी कोण आणणार?"

बुवांनी कोपऱ्यातली रिकामी कळशी उचलली आणि दारात नेऊन ठेवली. तेवढ्यानेही त्यांचा हात थरथरत होता. हेरंबने हे आज पाहिले. रोज सकाळी तो विचारी, बुवा "बरा आहे रे" म्हणत, आणि तो पुढच्या कामाला लागे.

तो उंबरठा ओलांडून थांबला.

"महिन्यातून एकदा येऊन पाहून जाईन... लांबूनच."

बुवांनी चेहरा त्याच्या आवाजाकडे वळवला. त्यांचे डोळे भरले होते. ते त्यांनी पुसले नाहीत.

"मधेच वायर लावायची नाही," ते म्हणाले. "दोघांनीही."