साळूची हाक

धसवाडीला रस्ता नव्हता, नळ नव्हता, भांडायला माणसं मात्र भरपूर होती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली त्याला.

वाडीच्या मागे कोरड्या घळींचा मुलूख आहे. कधीकाळी पाण्याने खडक कापून खोल, अरुंद वाटा केल्या आणि पाणी निघून गेलं. एक घळ दुसरीत शिरते, दुसरी तिसरीत, आणि सगळ्यांची तोंडं सारखीच. पार टोकाच्या कड्याला बैलगाडी जाईल एवढं आरपार भोक आहे. त्याला नेढं म्हणतात. नेढ्यात देवीआईचा शेंदूर लावलेला दगड आहे. चैत्रात वाडीतले धनगर तिला नैवेद्य दाखवायला पायी जायचे.

जाताना प्रत्येक वळणावर दगडावर दगड रचायचे आणि परतताना शेवटच्या माणसाने ते पाडत यायचं, अशी रीत होती. खूण उभी राहिली तर घळीतलं भूत तिच्या मागाने घरी येतं, असं म्हणतात. इतकी वर्षं घळीत राहून भुताला वाट माहीत नसावी, हे जरा नवलच. पण रीत म्हणजे रीत.

दगड पाडायचं काम साळूकडे असे. परत निघण्याआधी तिने एकेकाला नावाने हाक मारायची, ज्याने त्याने ओ द्यायची, मग चालायला लागायचं. साळू कामाला चोख होती आणि स्वभावाने खाष्ट. त्या वर्षी तिचा धाकट्या जावेशी, ठकूशी, अबोला होता. सासूची घोंगडी ठकूने घेतली यावरून. घोंगडीला भोकं पडलेली होती, पण अबोला चांगला घट्ट होता.

नेढ्यापाशी साळूने सगळ्यांना हाका मारल्या. ठकूला मारली नाही. असेल पुढे, म्हणाली मनाशी. ठकू खडकाआड बसून पायातला काटा काढत होती. ती बाहेर आली तेव्हा सगळे गेले होते आणि दगड पडले होते.

घळीच्या तोंडाशी सासूने विचारलं, "साळे, धाकटी कुठं हाय?"

साळूने वळून घळीकडे पाहिलं.

"हाक मारली व्हतीस का तिला?"

"न्हाई मारली," साळू म्हणाली. पाण्याचा भोपळा उचलला आणि ऐन दुपारी आल्या वाटेने परत फिरली. तिचा नवरा मागून ओरडला, "थांब, माणसं घिऊन जाऊ." ती थांबली नाही.

आत सगळ्या वाटा सारख्या. खुणा तिनेच आपल्या हाताने पाडलेल्या. तेव्हा तिने हाक मारली, "ठके, ए ठके, ओ दे गं!" ती हाक एका घळीतून दुसरीत गेली, दुसरीतून तिसरीत, आणि विरलीच नाही, असं म्हणतात. जिथे जिथे ती पोचली तिथले पडलेले दगड आपोआप एकावर एक चढले. ठकू घशाला कोरड पडून एका कपारीत बसली होती. तिला हाक ऐकू आली, समोर दगड उभा राहताना दिसला. दगड बघत बघत ती उन्हं कलायच्या आत बाहेर पोचली.

"जाऊबाई माझ्या म्होरं चालत व्हत्या," ती म्हणाली. "सारखं माझं नाव घेत व्हत्या. कुठं गेल्या?"

साळू बाहेर आलीच नव्हती. माणसांनी घळी पालथ्या घातल्या. नेढ्याखाली भोपळा सापडला, पाण्याने भरलेला. साळू सापडली नाही. ठकू बारा दिवस रडली आणि ती घोंगडी तिने पुन्हा कधी अंगावर घेतली नाही.

तेव्हापासून धसवाडीत दगड पाडत नाहीत. घळीत शिरण्याआधी ज्यांचा अबोला असेल त्यांनी तोंडाशी उभं राहून एकमेकांशी बोलायचं. काही सुचलं नाही तर शिवी दिली तरी चालते, पण बोलायचं. आणि परतताना सगळ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी साळूला हाक मारतात. ओ येते असं म्हणतात. मी काही ऐकलेली नाही. पण हाक मारून झाल्यावर सगळे थोडा वेळ थांबतात, लहान पोरंसुद्धा गप्प उभी राहतात, आणि मगच घराकडे वळतात.