गॅलरीच्या सळ्या

“बरं... आणि गॅलरी असेल तर काँक्रीटमधल्या सळ्या कुठे?”

पाटसकर सरांनी हे विचारलं आणि हेरंबला हसूच आलं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, लेखीत वर्गात पहिला, नोकरीचं पत्र घरी देवापुढे ठेवलेलं. एवढी तोंडी परीक्षा पार पडली की गंगेत घोडं न्हालं.

“खाली, सर. तुळई मधे वाकली की खालून ताणली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून लोखंड खाली.”

“तुळईचं झालं. मी गॅलरीचं विचारलं.”

“तेच, सर. खालीच.”

सरांनी फूटपट्टी घेतली. एक टोक टेबलावर दाबून धरलं, दुसरं हवेत सोडलं आणि त्यावर डस्टर ठेवलं. पट्टी वाकली...

सर बघत राहिले. पट्टीकडे नाही, हेरंबकडे.

“मार्क, सर?”

“बाहेर जा.”

पास की नापास? धड हो नाही, धड नाही नाही. हेरंब दाराबाहेर आला.

बाहेरची रीत ठरलेली. आतून कुणी आलं की गुळाला मुंगळे लागावेत तशी पोरं भोवती.

“काय विचारलं रे?”

“सळ्या कुठे ते. डोळे झाकून खाली म्हणा.”

नऊजणांनी खरंच डोळे झाकले आणि पुटपुटत पाठ केलं. वृषाली तेवढी तशीच उभी.

“काय रे शहाण्या, गॅलरी एकाच बाजूने धरलेली. टोक खाली झुकलं तर फाटेल वरून. मग खालचं लोखंड काय देखावा बघायला?”

हेरंबने कपाळावर हात मारला. लेखीत हाच प्रश्न त्याने सोडवला होता, आकृती काढून, पैकीच्या पैकी. मग आत्ता...?

तो उलट्या पावली आत गेला.

“सर, माझं चुकलं. लोखंड वर हवं.”

“मला ठाऊक आहे.”

“मी बाहेर सगळ्यांना खाली सांगितलं.”

“किती जणांना?”

“नऊ.”

सर उठले. खुर्ची मागे सारली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खुर्ची रिकामी. हेरंब खुर्चीकडे बघे, सरांकडे बघे.

“सर... मी पास की नापास?”

“त्या नऊजणांना आत बोलाव. विचारणार तू. त्यांनी जे सांगितलं, त्याचे मार्क तुला.”