शालीची घडी

“उंबऱ्यापर्यंत जातो, बुवा, आणि तिथूनच परत फिरतो. पाया पडायला गेलेल्या माणसाला पडताच येऊ नये, असं का व्हावं?”

विश्वंभरशास्त्री विचारत होते, पण आवाजात दम नव्हता. चैत्रातलं ऊन डोक्यावर घेऊन ते टेकडी चढून आले होते. एवढ्या उकाड्यातही खांद्यावर जरीची शाल होतीच. मानाची वस्तू ती. घामाच्या धारा लागल्या तरी माणूस ती खाली ठेवत नाही.

केवळबुवा मठीच्या ओट्यावर पाय पसरून बसले होते. त्यांचे गुडघे कधीचेच कामातून गेले होते. लोकांचे प्रश्न ऐकून ऐकून कानही विटले होते.

“कुणाच्या पाया पडायचंय?”

“दाजीशास्त्रींच्या. पहिली अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली माझ्याकडून. गेल्या वर्षी भर सभेत मी त्यांना वादात हरवलं… हरवलं कसलं, हसं केलं त्यांचं. आता ते अंथरुणाला खिळलेत. वैद्यांनी हात टेकलेत.”

“आणि ही शाल?”

“त्याच सभेतली.”

बुवांनी एक लांब सुस्कारा सोडला.

“दे इकडे.”

ओट्याच्या पलीकडे कडा सरळ तुटलेला होता. तळाशी गावाकडे जाणारी पाऊलवाट. वाटेवर कुणी नाही असं बघून बुवांनी एका हातात दगड घेतला, दुसऱ्या हातात उलगडलेली शाल, आणि दोन्ही एकदम सोडलं.

दगड खाली जाऊन आदळला. शाल मात्र फुगली, डुलली, इकडून तिकडे मिरवली आणि अर्ध्यावरच करवंदीच्या जाळीत अडकून बसली.

“बघितलंस?”

“त्यात बघायचं काय, बुवा? जड वस्तू लवकर पडते, हलकी रेंगाळते. शेंबडं पोरही सांगेल.”

“अस्सं… मग तुझं तर पंचक्रोशीत केवढं वजन! तू धाडकन पडायला हवा होतास.”

शास्त्रींची नजर जाळीत अडकलेल्या शालीकडे गेली.

“जा. शाल घेऊन ये.”

शास्त्री कडेकडेने उतरले आणि धापा टाकत वर आले. हात काट्यांनी ओरबाडले होते, धोतर फाटलं होतं. दिवस दिवस वाद घालूनही ते कधी इतके थकले नव्हते. उगाच आलो इथे, असं त्यांना मनापासून वाटलं.

बुवांनी शाल मांडीवर घेतली. एक घडी घातली. तिच्यावर दुसरी. मग आणखी. मध्येच थांबून ते दम खात होते. जरीचा काठ सगळा आत गेला, तेव्हा त्यांनी ती घट्ट गुंडाळली आणि सुतळीने करकचून बांधली. नारळाएवढं काहीतरी उरलं.

“आता तू सोड. हा तसलाच दगड, ही शाल.”

शास्त्रींनी सोडलं.

खालून एकच आवाज आला. दोन असतील, तर ते वेगळे कळले नाहीत.

शास्त्री ओट्यावरून वाकून बराच वेळ खाली बघत राहिले.

“शाल जड झाली?” बुवांनी विचारलं.

“नाही.”

“दगड हलका झाला?”

“नाही.”

“मग धरणीने ओढ वाढवली म्हणायची.”

“ती दोघांना सारखीच ओढते, बुवा. मघाशीही ओढतच होती.” शास्त्री थांबले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “वाऱ्याला धरायला काही उरलं नाही…”

बुवांनी जांभई दिली. त्यांना झोप आली होती की काय, कोण जाणे.

शास्त्रींचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत.

“मी पोहोचेपर्यंत दाजी असतील ना, बुवा?”

“ते मला काय ठाऊक?”

“…निघतोच मी. आधी तेवढी शाल वर आणून देतो.”

“नको रे बाबा. चढउतार पुरे झाले. ती वाट दाजींच्या दारावरूनच जाते. जाता जाता उचल…”

बुवांनी पाय ओट्यावर लांब केले आणि डोळे मिटले.

“फक्त उंबऱ्यावर उलगडू नकोस.”