कासव खिंडीत बसलं तेव्हा

पाण्यांना अजून नावं पडायची होती, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी. थोरांनी ऐकत नसल्यासारखं दाखवावं, पण ऐकावी.

एक मोठं तळं होतं आणि त्यावर बारा महिने धुकं असे. सकाळी दुधासारखं दाट, दुपारी ताकासारखं पातळ. पूर्ण असं ते कधी विरतच नसे. पूर्वकाठावर धनगर राहत, पश्चिमकाठावर गवळी. मधोमध एक बेट होतं, आणि त्यावर असं लुसलुशीत गवत, की वारा तिकडून आला की दोन्ही काठांची जनावरं माना वर करत.

या गवतासाठी पूर्वी भाले निघत. धुक्यात कोण कोणाला मारतोय तेही दिसत नसे. मग कोणा शहाण्यानं एक खेळ काढला. पट मांडायचा, सोंगट्या चालवायच्या. जो काठ जिंकेल त्याची जनावरं वर्षभर बेटावर चरतील, हरेल त्यानं डोंगर चढायचा. दोन्ही काठांना ते पटलं आणि भाले आढ्याला गेले.

खेळणारे समोरासमोर बसत नसत. दोन्ही काठांवर एकेक पट होता, आणि तिसरा बेटाजवळच्या खडकावर, खेळाच्या राखणदारिणीपाशी. काठावरून चाल ओरडून सांगायची, राखणदारिणीनं ती पलीकडे कळवायची. तिच्याजवळ एक घंटाही होती. ती वाजली की समजायचं, नियम बदलला. पण घंटा सहसा वाजत नसे. कोळ्यांनी तिच्यात जाळी विणलेली असत.

त्या वर्षी राखणदारीण नवी होती. तरुण, शिकलेली, सगळे नियम तोंडपाठ. पण भारी भित्री. मासा उसळला तरी दचके. तिनं हे काम घेतलं तेच मुळी धुक्यासाठी. तिला वाटलं, कोणी दिसणारच नाही, तर भीती कोणाची वाटणार? पण चेहरा दिसत नसला की माणसाच्या जिभेला हाड राहत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पूर्वकाठाकडून एक धनगरीण खेळत होती, पांढऱ्या सोंगट्यांनी. पश्चिमकाठाकडून एक गवळी, काळ्यांनी. पटावर हत्ती होते, घोडे होते आणि दोन्ही बाजूंना एकेक कासव. कासव एकच घर सरके आणि कोणाला मारू शकत नसे. म्हणून दया येऊन जुन्या माणसांनी ठरवलं होतं, कासवाला कोणी मारायचं नाही. त्यानंतर त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

धनगरीण बघत होती. पटाच्या मधोमध एक खिंड होती, पलीकडे जायची एकुलती वाट; पांढऱ्यांचं कासव तिच्याजवळ असे, काळ्यांचं लांब. कासवाच्या चालींकडे कोणाचं लक्ष नाही असं हेरून तिनं ते घराघरानं सरकवलं आणि खिंडीत नेऊन बसवलं. झालं. गवळ्याचे हत्ती अलीकडे, वाट पलीकडे, आणि मध्ये कासव डोळे मिटून.

"ओ बाई," गवळी धुक्यातून गरजला, "हे काय खेळणं झालं? दाराला कडी घालून बसल्यासारखं?"

"नियमाला धरून आहे, दादा," ती म्हणाली.

"मग नियम बदला. असला कसला नियम?" गवळी राखणदारिणीला म्हणाला.

त्याच्यामागून सगळा काठ ओरडू लागला. धुकं थरथरलं, की आपण स्वतः थरथरलो, राखणदारिणीला कळलं नाही. कानांवर हात ठेवले तरी आवाज काही कमी होईना. शेवटी तो थांबावा म्हणून तिनं घंटा वाजवली आणि सांगितलं, "आजपासून कासवाला मारता येईल."

गवळ्यानं पुढच्याच चालीला कासव मारलं.

"वा गं वा," पूर्वेकडून धनगरीण म्हणाली. "बोटबोट सरकवत आणलं होतं मी त्याला. ओरडून मागितलं की मिळतं होय? मग मी काय मुकी आहे? मेंढरं हाकते मी."

आणि पूर्वकाठ असा ओरडला की पश्चिमकाठ बरा म्हणावा. त्यांना गवळ्याच्या घोड्यांची उडी कमी करून हवी होती. राखणदारिणीनं घंटा वाजवली. उडी कमी झाली.

"एकाला दिलं, दुसऱ्यालाही दिलं," तिनं खडकावरच्या बगळ्याला सांगितलं. "तराजू सरळ झाला ना, बगळेबुवा?"

बगळा एका पायावर उभा होता. "मी मासा धरला की मासाही म्हणत असेल, नियम बदला," तो म्हणाला. "त्याचा आवाज येत नाही म्हणून माझं पोट भरतं."

तिला त्यातलं काही उमगलं नाही. पुढे हत्तीला पटावरचं पाणी ओलांडायला बंदी झाली, मग बंदी उठली. घोडा आडवा चालू लागला, मग पुन्हा सरळ. घंटेतलं कोळ्याचं जाळं कधीच गेलं होतं.

एका दुपारी, धुकं पातळ झालेलं असताना, तिचा डोळा लागला. स्वप्नात सोंगट्या पटावरून उतरून तिच्या पायाशी आल्या. घोडा म्हणाला, "बाई, आज आम्ही किती उडायचं?" हत्ती म्हणाला, "मी पाण्यात उभा आहे. चालेल का आज?" मेलेलं कासव मागे राहिलं होतं. त्यानं काहीच विचारलं नाही. नुसती मान आत घेतली.

ती दचकून जागी झाली. मग लक्षात आलं, कितीतरी वेळ कोणत्याच काठानं चाल सांगितलेली नाही. तिनं होडी सोडली आणि पश्चिमकाठाला गेली.

तिथला पट दवानं भिजला होता. सोंगट्यांवर गोगलगायी फिरत होत्या. आणि पाण्याच्या कडेला माणसं रांगेनं उभी राहून ओरडायची तालीम करत होती. पलीकडे दोघं आढ्यावरचे भाले काढून धार लावत होते. असावेत म्हणून.

तिला कोणी ओळखलं नाही. ओळखणार कसं, तिचा चेहरा पाहिलाय कोणी? एक गवळण तिला म्हणाली, "ये गं बाय, उभी राहा रांगेत. आवाज आहे का तुला?"

"चाल नाही का सांगायची?" तिनं हळूच विचारलं.

"चाल?" गवळण हसली. "अगं, पटावर कशाला डोकं चालवायचं? ती खडकावरची पोर आवाजाला भिते. तिला घाबरवलं की हवं ते मिळतं. पूर्वेकडंही म्हणे हेच चाललंय. पण आता त्यांचाही आवाज वाढलाय. दोघांचं सारखंच होऊन बसलं, तर मग भालेच बघायचे."

राखणदारीण होडीत येऊन बसली. वल्हं उचलता उचलता तिला उमगलं. म्हणजे पटावरची सगळ्यात मोठी सोंगटी हत्ती नव्हता, घोडा नव्हता. ती होती. आणि दोन्ही काठ तिलाच चालवत होते.

खडकावर पोचल्यावर ती धुक्यात मोठ्यानं बोलली. आवाज चिरकला, पण बोलली. "डाव सुरू झाला तेव्हाचे नियम, तेच आता राहतील. पहिली घंटा वाजण्याआधी सोंगट्या जिथे होत्या तिथे परत जातील. कासव खिंडीत बसेल."

मग जो आवाज उठला तो काय सांगावा. पाणपक्षी उडाले. आपला हात आपलं ऐकणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं घंटेचा लोलक काढला आणि त्यावर बसली.

ओरडून काही होईना, तेव्हा दोन होड्या खडकाला लागल्या. एकीत गवळी, एकीत धनगरीण. गवळ्याच्या हातात भाला होता. धुक्यातून बाहेर आल्यावर त्यांना दिसली ती एक काटकुळी मुलगी, दातांवर दात वाजत असलेली. गवळ्याचा आवाज उगाच खाली आला.

"घंटा वाजवा, बाई."

"नाही, दादा."

"घाबरत नाही होय आता?"

"घाबरतेय की. कालपर्यंत भीती वाटली की मी घंटा वाजवत होते. आज नुसती भीती वाटू देणार आहे."

"ऐकलंस ना रे?" धनगरीण म्हणाली.

"मावशी, घोड्याची उडीही पूर्वीसारखी होईल. तुम्ही ओरडून मागितलेलं सगळं परत गेलं."

धनगरिणीचं तोंड एवढंसं झालं. पण ती म्हणाली, "जाऊ दे मेला घोडा. माझं कासव तर उठून बसलं."

"आणि हे कासव असंच बसणार?" गवळी म्हणाला. "दरसाल? हा न्याय झाला?"

"न्याय नसेलही," राखणदारीण म्हणाली. "डाव संपला की तुम्ही दोघं इथेच या, आपण तो नियम बघू. पांढऱ्या कोणाकडे, काळ्या कोणाकडे, याची चिठ्ठी मात्र नियम ठरल्यानंतर काढायची. आणि दादा, भाला उगारायचा तर उगारा. मग खेळ तुम्ही मोडला असं होईल. मी मोडला असं नाही."

गवळी भाल्याकडे बघत राहिला. दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा त्यानं तो होडीत आडवा ठेवला आणि परत गेला.

डाव धनगरिणीनं जिंकला. तिची जनावरं बेटावर गेली, आणि गवळी कासवाला शिव्या देत डोंगर चढले. पण चढले.

मग दोघं खडकावर आले. गवळी तावातावानं म्हणाला, "कासवाला मारता आलं पाहिजे." आणि थबकला. पुढच्या खेपेला पांढऱ्या त्यालाच आल्या तर? धनगरीण म्हणाली, "कासवाला हात लावायचा नाही." तीही थबकली. काळ्या आल्या तर? दोघं एकमेकांकडे बघू लागले. असं त्यांनी पूर्वी कधी बघितलंच नव्हतं. पुष्कळ कुरकुर झाली, बगळाही मध्ये बोलला, आणि शेवटी ठरलं: कासवाला मारायचं नाही, पण कासवानं खिंडीत मुक्काम करायचा नाही. आलं तसं पुढे चालायचं.

राखणदारिणीनं लोलक लावला आणि घंटा वाजवली. कोणी ओरडत नसताना वाजलेली ही तिची पहिली घंटा. तिचा नाद धुक्यातून दोन्ही काठांना सारखाच पोचला.

मग चिठ्ठी निघाली. कोणाला काय आलं ते विचारू नका. त्या दोघांनीही चिठ्ठी वाचून नुसती मान हलवली आणि आपापल्या काठाला जाऊन पट मांडले.

तात्पर्य: नियम चुकत असेल तर जरूर बदलावा, पण मांडलेला डाव संपल्यावर आणि आपल्या वाट्याला कोणती बाजू येणार हे कळण्याआधी.